टिपणे आणि रचणे : मध्यशतकातील मुंबईची रस्ताचित्रे, तारापूरहून पाहताना

छायाचित्राविषयी बोलताना मराठी भाषक तीन क्रियापदे वापरतो. तो फोटो ‘काढतो’, फोटो ‘घेतो’ आणि बोलण्याला थोडा वाङ्मयीन सूर लागला की क्षण ‘टिपतो’. यांतील पहिली दोन क्रियापदे व्यवहाराची आहेत आणि त्यांच्यावर समीक्षेने वेळ खर्चावा असे त्यांत फारसे काही नाही. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपले जातात, शिकारी सावज टिपतो आणि कारकून टिपण ठेवतो. एकाच धातूत वेचणे, शोषून घेणे, वेध घेणे आणि नोंद ठेवणे या चार क्रिया वसतीला आहेत. चारही क्रियांमध्ये कर्ता आणि त्याचे जग यांचे नाते निरनिराळे आहे. पाखराला दाणा हवा असतो आणि तो ते निवडून घेते. टीपकागदाला निवड नाही. जे ओले आहे ते तो उचलतो, आणि उचलतो तेही उलटे. शिकाऱ्याला सावजाखेरीज बाकी रान दिसत नाही. कारकुनाला आपण काय नोंदवतो आहोत याचे सोयरसुतक नसते, पण पुढे कधीतरी त्याच्या टिपणावर कुणाच्या जमिनीचा निकाल लागतो.

शहरातील दैनंदिन जीवनाचे, रस्त्यावर घेतलेले छायाचित्र या चारांपैकी कोणत्या अर्थाने ‘टिपलेले’ असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ शब्दाचा नाही. महानगरीय साहित्यावरील आपल्या समीक्षेत मध्यशतकातील मुंबईची छायाचित्रे येतात ती बहुधा पुरावा म्हणून किंवा सजावट म्हणून. नवकथेवरील पुस्तकाच्या वेष्टनावर ट्रामचा फोटो असतो. आत त्या फोटोविषयी एक ओळ नसते. जणू तो फोटो कुणी घेतलाच नाही, तो त्या काळाला आपोआप फुटलेला धुमारा आहे. ही उपेक्षा अपघाताने झालेली नाही. आपल्या मध्यशतकीन मुद्रणसंस्कृतीने चित्र म्हटले की रेखाटन असे समीकरण मानले होते. ‘दीपावली’सारख्या अंकाचे रूप दीनानाथ दलालांच्या कुंचल्याने ठरवले आणि वसंत सरवट्यांच्या रेषेने कथेला सोबत केली. ही परंपरा मोठीच आहे. मात्र तिच्या छायेत छायाचित्र हे कलेच्या घरातले आश्रित राहिले.

पश्चिमेत या प्रकारच्या छायाचित्रणाची जी उपपत्ती सर्वाधिक रूढ झाली ती एका शीर्षकाच्या भाषांतरातून झाली, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे फ्रेंच शीर्षक ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे होते. ‘आ ला सोव्हेत’ हा शब्दप्रयोग घाईघाईने, चोरून केलेल्या गोष्टीला लावतात. परवान्याविना रस्त्यावर माल विकणाऱ्याच्या विक्रीलाही तोच लावतात. म्युनिसिपालटीची गाडी येताना दिसली की पथारी गुंडाळून गल्लीत शिरणारा आपला फेरीवाला डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे त्या शीर्षकाचा वास येईल. इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक मात्र ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ झाले. कार्दिनाल द रेत्झ यांचे ग्रंथारंभी दिलेले एक वचन तेवढे उचलून मुखपृष्ठावर चढवले गेले, आणि फेरीवाला मागे राहून सेनापती पुढे आला. आपणही पुढे ‘निर्णायक क्षण’ अशी पदावली बनवून वर्गात शिकवू लागलो. निर्णायक क्षणाच्या कल्पनेत शिकारी आहे. सुसान सोन्टाग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात कॅमेरा आणि बंदूक यांची जी सांगड घातली ती याच अंगाने. टीपकागद या कल्पनेत कुठेच बसत नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर शिकाऱ्याची परंपरा कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्याच मंडळीतले विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या ‘रहिवासी व पाहुण्या’ जातीजमातींचा दोन भागांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यातील चित्रांची एक खुबी अशी की माणसे एका ठिकाणी उभी करून त्यांचे फोटो घेतले आणि मागून त्यांना निराळी पार्श्वभूमी जोडली. ज्या रस्त्यावर, ज्या देवळापुढे ती माणसे उभी दिसतात तिथे ती उभी नव्हतीच. रस्ता हा तिथे पडदा आहे आणि माणूस हा नमुना. वर्गीकरणाला रस्त्याची गरज नसते. त्याला फक्त पाटी हवी असते. रस्त्यावरच्या छायाचित्राचा खरा आरंभ माणूस आणि त्याची पार्श्वभूमी ही एकाच उजेडात, एकाच वेळी उमटू लागली तिथून मानावा लागतो. हा बदल छोटे कॅमेरे आणि अधिक संवेदनशील फिल्म यांमुळे शक्य झाला हे खरे. पण यंत्राने शक्य केलेली गोष्ट कुणीतरी करावीही लागते.

मुंबईत ती ज्यांनी केली त्यांत होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांची ख्याती दिल्लीतील कामामुळे आहे : सत्तांतर, नेहरू, गांधींची अंत्ययात्रा. भारताची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले ते प्रामुख्याने त्या कामाच्या संदर्भात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र १९४२ मध्ये दिल्लीस जाण्यापूर्वीच्या होमाई अधिक महत्त्वाच्या वाटाव्यात असे माझे मत आहे. जन्म नवसारीचा, वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत, वाढ आणि शिक्षण मुंबईत, पदविका सर जे. जे. कलाशाळेची. छायाचित्रण त्या माणेकशा व्यारावालांकडून शिकल्या. पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. स्त्रियांच्या एका मंडळाच्या सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली आणि दर चित्राला एक रुपया दिला. सुरुवातीच्या काळात त्यांची चित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध होत. रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली ती पुढे १९६७ मध्ये. मुंबईच्या नियतकालिकांत एका स्त्रीच्या कर्तृत्वाचा अंत त्यापूर्वी तीस वर्षे बिनबोभाट होत होता, आणि त्यासाठी कुठल्या उपपत्तीची गरज लागली नव्हती. सबीना गडिहोक यांच्या २००६ च्या ग्रंथामुळे हा सारा पट आपल्यापुढे आला.

या मुंबई-चित्रांचे विषय कोणते? जे. जे.च्या शिल्पवर्गात काम करणारी वर्गमैत्रीण रेहाना मोगल, सहलीला निघालेल्या बायका, महायुद्धाच्या काळातील हवाई हल्ल्याच्या बचावाच्या कवायती, बोरीबंदरचे स्थानक. शहराला भव्य करण्याचा हव्यास त्यांत नाही आणि दारिद्र्याचे प्रदर्शनही नाही. घराबाहेर पडलेली तरुण स्त्री हा या चित्रांचा आवर्ती विषय. ती कुणाची कन्या, कुणाची पत्नी अशा नात्याने चित्रात येत नाही. ती काही काम करते आहे, ऊन तिच्या तोंडावर पडले आहे, एवढेच. त्याच सुमाराच्या मराठी कथाकादंबरीत घराबाहेर पडलेल्या तरुणीला लेखकाला आधी एक समस्या द्यावी लागे, हे आठवले म्हणजे या ‘एवढेच’चे मोल कळते.

मात्र ही चित्रे नुसती टिपलेली आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. होमाई कलाशाळेत शिकलेल्या. कित्येक चित्रांत माणसे उभी केलेली आहेत, उजेड योजलेला आहे, रचना विचारपूर्वक साधलेली आहे. रेहाना मोगल त्यांच्यासाठी वारंवार उभी राहिली, म्हणजे ती एका अर्थी त्यांची नायिका आहे. रस्त्यावरच्या छायाचित्राचे शुद्धतावादी भाष्यकार यावर नाक मुरडतील. मला उलट इथेच या प्रकाराचे मर्म हाती लागते असे वाटते. चित्राच्या मध्यभागी रचना असते आणि टिपण असते ते कडेला. छायाचित्रकार ज्याला उभे करतो ते त्याचे. पण त्याच्या मागे जी पाटी आहे, चौकटीने अर्धा कापलेला जो कुणी चालला आहे, भिंतीला टेकवलेली जी हातगाडी आहे, ते त्याने मागितलेले नसते. ते टीपकागदाने उचललेले असते. कॅमेऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही. चित्रकाराला येते, कथाकाराला येते, कवीला तर फारच येते.

यंत्राच्या रचनेकडे क्षणभर पाहू. होमाईंच्या हाती जे कॅमेरे असत त्यांत रोलायफ्लेक्स होता. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरतात आणि मान खाली घालून वरच्या दुधी काचेत पाहतात. तिथे दृश्य सुलटे पण डावे-उजवे बदललेले दिसते, टीपकागदावर अक्षरे उमटावीत तसे. छायाचित्रकार समोरच्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. तो वाकलेला असतो. लायकावाल्याच्या हाती डोळ्याशी नेम धरलेले हत्यार असते. रोलायफ्लेक्सवाली व्यक्ती विहिरीत डोकावणाऱ्यासारखी दिसते. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. चौकोनाला आडवे-उभे नसते, त्यामुळे कडा चारही बाजूंनी सारख्याच जाग्या राहतात. नजरेच्या या नम्रतेचा, निदान तिच्या या शारीर घडणीचा, चित्रांच्या स्वभावाशी संबंध नसेल असे मानणे मला अवघड जाते.

आता आपल्या सौंदर्यशास्त्राकडे वळता येईल. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ चा. म्हणजे महानगराचा पहिला मोठा मराठी कवी आणि रूपवादाचा पहिला मोठा मराठी मीमांसक हे एकच गृहस्थ आहेत, आणि ते अगदी आपल्या विषयाच्या काळात लिहीत आहेत. मर्ढेकरांच्या मते सौंदर्य हे लयबद्ध संघटनेत असते. संवाद, विरोध आणि समतोल हे या लयीचे नियम. चित्रकलेचे माध्यम रंग-रेषा. चित्र कशासारखे दिसते हा सौंदर्यदृष्ट्या गैरलागू प्रश्न. ही भूमिका छायाचित्राला लावून पाहिली तर काय होते? छायाचित्राचे माध्यम काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा आणि त्यांनी आखलेली क्षेत्रे. कारखान्यांची छायाचित्रे या कसोटीला सर्वांत छान उतरतात. मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी मुंबईत राहून औद्योगिक छायाचित्रणाची जी शैली घडवली तिच्यात नळ्यांचा संवाद, धुराड्यांचा विरोध आणि टाक्यांचा समतोल मर्ढेकरांचा नियम पाठ केल्यासारखा येतो. रस्त्यावरचे छायाचित्र मात्र या कसोटीला अर्धेच उतरते. मध्यभाग लयीत बसतो; कडा बसत नाहीत. कडेचा तो अर्धा माणूस संवादीही नाही, विरोधीही नाही. तो तिथे होता म्हणून आहे.

गंमत अशी की मर्ढेकरांच्या मीमांसेत ज्याला जागा नाही ते त्यांच्या कवितेत भरपूर आहे. यंत्रयुगातले त्यांचे शहर असल्या नको असलेल्या तपशिलांनी खचाखच भरलेले आहे, आणि ती कविता वाचताना आपल्याला जो धक्का बसतो तो त्या तपशिलांच्या शिरकावाचा असतो. कवी मर्ढेकरांनी टिपले ते मीमांसक मर्ढेकरांना रचनेत बसवता आले नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधला ताण मांडला, त्याने वाट काहीशी मोकळी होते, छायाचित्र हे एकाच चौकटीत दोन्ही ध्रुव बाळगणारे उदाहरण म्हणून पाटणकरांच्या मांडणीला उपकारक ठरावे. बार्थ यांचा ‘पंक्टम’ (१९८०), म्हणजे पाहणाऱ्याला टोचणारा तपशील, हाही इथे जवळचा. पण पंक्टम पाहणाऱ्याच्या खासगी जखमेत राहतो. ‘ते मला टोचले’ यापलीकडे त्याला बोलता येत नाही. कडेचा तपशील कुणाला टोचो वा न टोचो, तो नोंद म्हणून उरतो. कारकुनाचे टिपण म्हणून त्याची सत्ता निराळी आहे, आणि तिच्यासाठी ‘टिपणे’ हा आपला शब्द पंक्टमपेक्षा अधिक कामाचा आहे.

मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. तेही जे. जे.चेच विद्यार्थी आणि पेशाने जाहिरात क्षेत्रातले चित्रकार. काळा घोडा भागातल्या वेसाइड इनच्या खिडकीत बसून त्यांनी समोरचा रस्ता वर्षानुवर्षे पाहिला, आणि ते पाहणे २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये उतरले. त्या कवितांत कडेचीच माणसे मध्यभागी येतात. एका अर्थी रस्त्यावरच्या छायाचित्राने जे कडेला साठवून ठेवले होते ते कोलटकरांनी साठ वर्षांनी उघडून वाचले. हा प्रभावाचा दावा नाही.

आजवर मुंबईविषयी बोललो. मी मात्र हे लिहितो आहे ते तारापूरला बसून, आणि त्यामुळे कडेचा प्रश्न मला निव्वळ सैद्धान्तिक वाटत नाही. बोईसर स्थानकापासून चर्चगेट शंभर किलोमीटरच्या आसपास. मध्यशतकातील मुंबईच्या कुठल्याही रस्ताचित्रात आमचा हा मुलूख चौकटीच्या बाहेर उभा आहे. व्हिक्टोरियाचा घोडा दिसतो; तो खातो ते गवत दिसत नाही. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून, वारल्यांच्या हातून कापले जाऊन जात होते. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा झाला, त्यात पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी ही एक मागणी होती. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक आणि त्याच काळातले बोरीबंदरचे एखादे छायाचित्र शेजारी ठेवून वाचावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. चित्र काही खोटे बोलत नाही. त्याची कड जिथे संपते तिथे आमचा जिल्हा सुरू होतो, इतकेच.

तारापूरचे नाव मात्र मुंबईच्या रस्त्यावर होते. तारापूरवाला हे पारशी आडनाव या गावावरून पडले, आणि १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या मत्स्यालयावर ते ठळक अक्षरांत लागले. आमच्या किनाऱ्यावरचे मांगेला कोळी ज्या समुद्रातून मासळी काढतात त्या समुद्रातले मासे पाहायला मुंबईकर तिकीट काढून त्या पाटीखालून जात, यात थोडी मौज आहे. पुढे हेच आडनाव धारण करणाऱ्या सूनी तारापूरवाला यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुंबईतील पारशी घरे आणि रस्ते यांची छायाचित्रे घेतली. १९७६ ते २०१६ या चाळीस वर्षांतील त्यांच्या मुंबई-चित्रांचे प्रदर्शन २०१७ मध्ये मुंबईत भरले. होमाईंच्या चित्रांत जे कडेला होते ते इथे घरगुती जिव्हाळ्याने जवळ आलेले दिसते. गाव आडनावात राहिले, चित्रात शहर आले.

आणि गावाचे चित्र? १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. देशातले ते पहिले. तेव्हापासून तारापूर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच प्रतिमा येते : दुरून घेतलेला प्रकल्प, समुद्र, आकाश आणि चित्रात बहुधा माणूस नाही. ही औद्योगिक छायाचित्राची, मर्ढेकरी लयीची प्रतिमा आहे. देखणी आहे. तिला कडाच नाहीत, कारण तिच्या कडेला काही शिरू नये याची दक्षता घेतलेली असते. तिसरे आणि चौथे संच २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले, त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवून दुसरीकडे वसवण्यात आली. त्या गावांतला एखादा सकाळचा रस्ता, विहिरीवरची गर्दी, दुकानाच्या फळीवर बसलेली माणसे ही मध्यशतकातल्या मुंबईला मिळाली तशी नजर त्यांना मिळाली असती तर विस्थापनाच्या कागदांत ‘घर क्रमांक’ आणि ‘क्षेत्रफळ’ या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना उभा राहिला असता. दैनंदिनाला पुरावा नसला की ते नव्हतेच असे मानणे सरकारी कागदाला फार सोपे जाते, आणि साहित्याच्या इतिहासालाही.

आमच्या भागात ही नजर सर्वस्वी नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. ती लग्नाच्या अल्बममध्ये आहे. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी हळदीचे, वरातीचे, अंगणात ओळीने उभ्या केलेल्या नातेवाइकांचे फोटो काढले. मध्यभागी त्यांनी रचना केली, आणि मागे त्यांच्या नकळत कुडाची भिंत, बोंबील सुकवायला उभारलेले बांबू, ओट्यावरची पाण्याची पिंपे आणि फोटोत यायचे नव्हते म्हणून बाजूला सरकलेली पण पूर्ण सरकू न शकलेली म्हातारी उमटली. वधूवरांची नावे घरातले सगळे सांगतात. संशोधकाने विचारायचे ते त्या म्हातारीविषयी, त्या बांबूंविषयी, आणि मागे जी वाट वळलेली दिसते ती आता कुठल्या कुंपणाच्या आत गेली त्याविषयी. पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांनी जरी आपापल्या घरचे अल्बम या दृष्टीने पालथे घातले, प्रत्येक चित्राच्या कडांची यादी केली आणि घरातल्या वयस्कर माणसांकडून ती वदवून घेतली, तर मराठी महानगरीय साहित्याच्या अभ्यासाला आजवर न जोडलेला असा उत्तर कोकणचा एक पुरवणी-खंड हाती येईल. त्याची पहिली अट एवढीच की चित्र मधून वाचायला सुरुवात करायची नाही.